अँडी रॉबर्टसन: लेफ्ट-बॅकचं अवघड काम, सोप्या शब्दांत

स्कॉटलंडमधल्या सेल्टिक फुटबॉल क्लबच्या युवा अकादमीनं अँडी रॉबर्टसनला पंधराव्या वर्षी सोडून दिलं. कारण होतं त्याची चण. मुलगा लहानखुरा आहे, मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये टिकणार नाही, असा त्यांचा हिशेब. 11 मार्च 1994 ला ग्लासगोत जन्मलेल्या या मुलानं पुढच्या दहा वर्षांत स्कॉटलंडचं कर्णधारपद मिळवलं आणि लिव्हरपूलकडून चॅम्पियन्स लीगही जिंकली. म्हणून त्याची कारकीर्द बहुतेक वेळा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात. जिद्द होतीच. पण अकादमीतून बाहेर पडलेल्या कितीतरी मुलांकडे ती असते, आणि तरी ती मुलं कुठं दिसत नाहीत. रॉबर्टसनचं नीट समजायचं असेल तर दोन गोष्टी पाहायला हव्यात. पहिली, तो ज्या जागेवर खेळतो तिथं नेमकं काय लागतं. दुसरी, लिव्हरपूलपर्यंतच्या प्रत्येक पायरीवर त्याला बाकावर बसून न राहता अख्खा हंगाम खेळायला कसं मिळालं.

आधी जागा. चार जणांच्या बचाव फळीत मधे दोन सेंटर-बॅक असतात आणि दोन्ही कडांना एकेक फुल-बॅक. डावीकडचा तो लेफ्ट-बॅक. आंतरराष्ट्रीय सामन्याचं मैदान साधारण 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असतं, आणि आजच्या फुटबॉलमध्ये ही डावी कड जवळजवळ पूर्ण त्या एकाच्या अंगावर असते. प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या विंगरला, म्हणजे कडेनं हल्ला करणाऱ्याला, रोखायचं, आपल्या संघाची चढाई सुरू झाली की त्याच कडेनं पुढं जाऊन क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलासमोर चेंडू, टाकायचा, चेंडू गेला की पुन्हा मागं धावायचं. थ्रो-इनसुद्धा, म्हणजे कडेबाहेर गेलेला चेंडू हातांनी आत फेकणं, बहुतेक त्यालाच टाकावे लागतात. सेंटर-बॅकला उंची लागते, कारण त्याला हवेतले चेंडू डोक्यानं काढायचे असतात. लेफ्ट-बॅकला लागतो तो वेगानं धावून, थोडा श्वास घेऊन, पुन्हा तसंच धावण्याचा दम. नव्वद मिनिटांत पाच-सहा वेळा नाही, अनेक वेळा. दुसरी गरज डाव्या पायाची. उजव्या पायाचा खेळाडू डाव्या कडेला ठेवला तर क्रॉस टाकण्याआधी त्याला चेंडू आत, उजव्या पायावर घ्यावा लागतो. त्यात दीड-दोन सेकंद जातात आणि तेवढ्यात समोरचा बचाव जागेवर येतो. 2016-17 च्या हंगामात लिव्हरपूलनं जेम्स मिल्नरला तिथं खेळवलं होतं. मिल्नर कमालीचा मेहनती, पण उजव्या पायाचा. त्या कडेचा वेग त्यामुळे अडत असे.

पंधरा वर्षांच्या मुलाची उंची बघून निर्णय घेण्यातली अडचण इथं कळते. त्या वयात शरीराची वाढ प्रत्येकाची वेगळी चाललेली असते, आणि ज्याला दोन वर्षांनी शेवटची वाढ येणार आहे तो मुलगा धक्काबुक्कीत मागं पडतोच. ज्या जागेवर दम आणि डावा पाय मोजायचा तिथं चण मोजली गेली.

सेल्टिकनंतर तो क्वीन्स पार्कमध्ये गेला. हा क्लब 1867 साली स्थापन झालेला, स्कॉटलंडमधला सर्वांत जुना. तेव्हा तो हौशी क्लब होता, म्हणजे खेळाडूंना पगार नाही. (2019 मध्ये सभासदांनी मतदान करून ही प्रथा बदलली.) गंमत अशी की या पगार न देणाऱ्या क्लबचं घरचं मैदान हॅम्पडन पार्क, पन्नास हजारांवर क्षमतेचं राष्ट्रीय स्टेडियम. एरवीच्या सामन्यांना काही शे माणसं. रॉबर्टसन तिथंच फोनवर तिकिटांचं काम करायचा. ऑगस्ट 2012 मध्ये त्यानं ट्विटरवर लिहिलं होतं की या वयात खिशात पैसे नसणं वाईट, नोकरी हवी आहे. तो मजकूर आजही फिरत असतो.

पण हौशी क्लबात असण्याचा फायदा फारसा कुणी सांगत नाही. मोठ्या क्लबच्या अकादमीतला अठरा वर्षांचा बचावपटू आपल्याच वयाच्या मुलांविरुद्ध खेळतो. रॉबर्टसन त्या वयात तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या स्कॉटिश लीगच्या सर्वांत खालच्या, चौथ्या पायरीवर, दाढीमिशा आलेल्या पुरुषांविरुद्ध दर आठवड्याला खेळत होता. 2012-13 मध्ये त्यानं लीगचे 34 सामने खेळले. त्याच हंगामात आर्थिक कोसळण्यामुळे रेंजर्ससारखा अवाढव्य क्लब त्या खालच्या पायरीवर आला होता. त्यामुळे डिसेंबरमध्ये हॅम्पडनवर त्यांच्याविरुद्ध खेळताना या हौशी पोरांसमोर तीस हजारांवर प्रेक्षक होते. बचाव शिकायचा तर चुकीची किंमत द्यावी लागणारे सामने हवेत. चूक केली की गोल होतो, गोल झाला की गुण जातात, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा उभं राहायचं असतं. युवा संघांच्या सामन्यात हा ताण नसतो.

2013 च्या उन्हाळ्यात डंडी युनायटेडनं त्याला घेतलं. इथं एक योगायोग आहे. डंडीचा आधीचा लेफ्ट-बॅक बॅरी डग्लस हाही क्वीन्स पार्कमधूनच आलेला, आणि त्याच उन्हाळ्यात तो पोलंडच्या लेख पोझनानला गेला. जागा रिकामी झाली होती, आणि त्याच वाटेनं आलेला मुलगा चालू शकतो हे क्लबनं आधी पाहिलेलं होतं. प्रशिक्षक जॅकी मॅकनमारा स्वतः फुल-बॅक खेळलेला. त्याच्या त्या संघात रायन गॉल्ड, जॉन सूटर, स्टुअर्ट आर्मस्ट्राँग अशी तरुण मंडळी होती. रॉबर्टसननं पहिल्याच हंगामात लीगचे 36 सामने खेळले, मार्च 2014 मध्ये वॉर्सात पोलंडविरुद्ध बदली म्हणून उतरून राष्ट्रीय संघात पदार्पण केलं, आणि स्कॉटलंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंच्या मतदानातून वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात मात्र सेंट जॉनस्टननं त्यांना 2-0 असं हरवलं. हौशी क्लबातून राष्ट्रीय संघापर्यंतचा हा प्रवास एका वर्षाच्या आत झाला.

जुलै 2014 मध्ये हल सिटीनं 28 लाख 50 हजार पौंड मोजून त्याला इंग्लंडला नेलं. हलची तीन वर्षं कागदावर वाईट दिसतात. 2015 ला प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या लीगमधून, खालच्या लीगमध्ये घसरण, 2016 ला प्लेऑफच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर शेफील्ड वेन्सडेला 1-0 हरवून पुनरागमन, 2017 ला पुन्हा घसरण. दोन्ही घसरणींच्या वेळी क्लब अठराव्या क्रमांकावर होता, म्हणजे वाचणाऱ्या जागेच्या अगदी खाली. माझ्या मते मात्र बचावपटू म्हणून तो सर्वांत जास्त शिकला ते इथं. तळाच्या संघात लेफ्ट-बॅकला चेंडूविना खूप वेळ काढावा लागतो. विंगर समोर चेंडू घेऊन उभा असताना झेप न घेता मागं-मागं सरकत त्याला कडेकडे ढकलायचं, आतली वाट बंद ठेवायची, सेंटर-बॅकपासून किती अंतरावर राहायचं ते दर क्षणी मोजायचं. वरच्या संघात हा सराव मिळत नाही. स्टीव्ह ब्रूसच्या हाताखाली तो कधी चार जणांच्या फळीत तर कधी विंग-बॅक म्हणून, म्हणजे मागं तीन सेंटर-बॅक असताना कडेला थोडा पुढं, असा दोन्ही तऱ्हांनी खेळला. पुढं स्कॉटलंडसाठी हे फार उपयोगी पडलं.

21 जुलै 2017 ला लिव्हरपूलनं त्याला सुरुवातीचे 80 लाख पौंड देऊन घेतलं. घसरलेल्या संघाचा बचावपटू म्हणून फार कुणी दखल घेतली नाही. ऑगस्टमध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध पदार्पण बरं झालं, पण पुढचे तीन-चार महिने पहिली पसंती आधीचा लेफ्ट-बॅक आल्बेर्टो मोरेनोलाच होती. कारण समजून घेण्यासारखं आहे. लिव्हरपूलचा तेव्हाचा प्रशिक्षक युर्गन क्लॉप याच्या संघात चेंडू गेल्या क्षणी तो परत मिळवण्यासाठी सगळे एकदम पुढं धावायचे. याला प्रेसिंग म्हणतात. ते एकट्यानं करून चालत नाही. कबड्डीत कोपरारक्षक पुढं झेपावला आणि त्याच्या शेजारचा आधाराला नसला तर चढाईपटू बिनदिक्कत सुटतो, तसंच इथं आहे. लेफ्ट-बॅकनं विंगरवर धाव घेतली की डावा सेंटर-बॅक त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत सरकला पाहिजे, मधल्या फळीतला डावा माणूस आतली वाट बंद करायला आला पाहिजे. कधी निघायचं याचा ठोका सगळ्यांचा एकच हवा. तो अंगात मुरायला महिने लागतात. 6 डिसेंबरला स्पार्टाक मॉस्कोविरुद्ध मोरेनोचा घोटा दुखावला आणि रॉबर्टसनची पाळी आली. नंतर ती जागा मोरेनोला परत मिळाली नाही.

14 जानेवारी 2018 चा मँचेस्टर सिटीविरुद्धचा सामना लिव्हरपूलनं 4-3 असा जिंकला. धावफलक 4-1 असताना रॉबर्टसन आपली कड सोडून सिटीच्या एका खेळाडूमागून दुसऱ्यामागं धावत गेला, थेट गोलरक्षक एडरसनपर्यंत, आणि शेवटी सिटीचा बचावपटू ओटामेंडी याच्यावर फाउल करून थांबला. लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानानं त्या धावेला गोलासारखी दाद दिली. ही चित्रफीत पाहताना एक गोष्ट विसरू नये. तो पुढं गेला तेव्हा त्याची जागा रिकामी होती. सिटीच्या एकानं जरी डोकं शांत ठेवून चेंडू उजव्या कडेला उचलून टाकला असता तर मागं फक्त सेंटर-बॅक उरले असते. अशी धाव दररोज घ्यायची नसते. शेवटी फाउल करणं हेही त्या हिशेबातलंच. खेळ थांबतो, आणि परत जागेवर यायला वेळ मिळतो.

त्याच महिन्यात व्हर्जिल व्हॅन डाइक आला. तो डावा सेंटर-बॅक, म्हणजे रॉबर्टसनचा थेट शेजारी. वेगवान, उंच, आणि मोकळ्या जागेत एकास एक लढताना क्वचित हरणारा. रॉबर्टसनला पुढं जायचा परवाना खरा त्याच्यामुळे मिळाला. त्याशिवाय त्याच कडेला पुढं खेळणारा आघाडीपटू सादियो माने चेंडू घेऊन आत वळायचा, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा राइट-बॅक त्याच्यासोबत आत ओढला जायचा आणि कड मोकळी व्हायची. रॉबर्टसन मानेच्या बाहेरून धावत त्या मोकळ्या कडेला पोहोचायचा. याला ओव्हरलॅप म्हणतात. त्याच वेळी मधल्या फळीतला वायनाल्डम किंवा मिल्नर मागं थोडं डावीकडे सरकून थांबायचा, फाबिन्यो मधे राहायचा. पाच जणांची ही हालचाल एकत्र झाली तरच क्रॉस पडायचा. एकजण चुकला तर प्रतिहल्ला ठरलेला.

आता क्रॉस. डाव्या कडेवरून डाव्या पायानं मारलेला चेंडू गोलरक्षकापासून दूर वळत जातो. गोलरक्षकाला पुढं यावं की थांबावं ते कळत नाही, आणि धावत येणाऱ्या आघाडीपटूच्या डोक्यावर किंवा पायावर तो समोरून येतो. रॉबर्टसनचे चांगले क्रॉस दोन प्रकारचे. एक, बचाव फळी अजून मागं धावत असतानाच, गोलरेषेपर्यंत न जाता, गोलरक्षक आणि बचावपटू यांच्यामधल्या पट्ट्यात जोरात आणि खाली मारलेला. दोन, गोलरेषेपाशी पोहोचून मागं, पेनल्टीच्या ठिपक्याच्या दिशेनं ओढलेला. उंच झुलता क्रॉस तो कमी वापरायचा, कारण सालाह, माने, फिर्मिनो या आघाडीपटूंपैकी कुणीच धिप्पाड नव्हतं. 2018-19 च्या प्रीमियर लीगमध्ये रॉबर्टसनचे 11 असिस्ट होते, म्हणजे गोलाआधीचा शेवटचा पास त्याचा असे 11 गोल. दुसऱ्या कडेच्या ट्रेंट अलेक्झांडर-अरनॉल्डचे 12. फेब्रुवारी 2019 मध्ये वॉटफर्डला 5-0 हरवलं तेव्हा पाचही गोलांचे असिस्ट या दोन फुल-बॅकचेच होते, तीन ट्रेंटचे, दोन रॉबर्टसनचे. दोन्ही फुल-बॅक हल्ल्याचे सूत्रधार असलेला एवढा मोठा संघ त्याआधी क्वचितच दिसला होता.

दूरच्या पोस्टवर, म्हणजे चेंडूपासून लांबच्या गोलखांबाशी, पोहोचणं ही त्याची आणखी एक खुबी. चेंडू उजवीकडे असताना सगळा बचाव तिकडे सरकतो आणि डावीकडून धावत येणाऱ्या लेफ्ट-बॅकला कुणी मोजत नाही. 2 नोव्हेंबर 2019 ला अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध लिव्हरपूल 87 व्या मिनिटापर्यंत 0-1 मागं होतं. मानेच्या क्रॉसवर रॉबर्टसननं दूरच्या पोस्टवर डोक्यानं बरोबरी साधली, मग मानेनं जादा वेळेत सामना जिंकून दिला. त्या हंगामात लिव्हरपूल 99 गुणांसह लीग विजेता ठरला. थ्रो-इनकडेही त्या संघानं गांभीर्यानं पाहिलं. 2018 मध्ये थोमास ग्रोनेमार्क या डेन्मार्कच्या खास थ्रो-इन प्रशिक्षकाला बोलावलं. नियम असा की थ्रो-इनवरून थेट चेंडू घेणाऱ्याला ऑफसाइड लागत नाही, तरीही बहुतेक संघ दडपणाखाली थ्रो-इनचा चेंडू लगेच गमावतात. सामन्यात चाळीसेक वेळा येणारी ही गोष्ट सरावात दुर्लक्षित राहावी हे खरंच नवल.

पदकांची यादी थोडक्यात: चॅम्पियन्स लीग 2019, त्याच वर्षी युरोपियन सुपर कप आणि क्लब विश्वचषक, प्रीमियर लीग 2020 आणि 2025, एफए कप 2022, लीग कप 2022 आणि 2024. बार्सिलोनाला 4-0 हरवलेल्या 2019 च्या त्या उपांत्य सामन्यात मात्र तो दुखापतीमुळे मध्यंतरालाच बाहेर गेला, आणि त्याच्या जागी आलेल्या वायनाल्डमनं दोन गोल केले.

आक्रमक लेफ्ट-बॅकचं बिघडतं कुठं? दोन ठिकाणी. एक, मागची मोकळी जागा. दुसरं, उशिरा पोहोचल्यावर केलेला फाउल. डिसेंबर 2021 मध्ये टॉटनमविरुद्ध रॉबर्टसननं गोल केला आणि आठच मिनिटांनी इमर्सनला लाथ बसल्यानं लाल कार्ड घेतलं. 14 डिसेंबर 2024 ला फुलहॅमविरुद्ध सतराव्याच मिनिटाला तो बाहेर गेला. चेंडूवरचा ताबा निसटला, हॅरी विल्सन गोलाकडे सुटला आणि रॉबर्टसननं त्याला पाडलं. पेनल्टी बॉक्सच्या (गोलासमोरच्या चौकटीच्या) बाहेर गोलाची स्पष्ट संधी फाउल करून हिरावली की कार्ड लालच. दहा जणांनी तो सामना 2-2 असा राखला. वयाचा मुद्दाही इथंच येतो. तिशीनंतर एका धावेनंतर दुसरी धाव त्याच तडफेनं काढायला लागणारी विश्रांती वाढते, आणि या जागेचं सगळं गणित त्यावरच उभं आहे.

एप्रिल 2023 मध्ये क्लॉपनं मांडणी बदलली. चेंडू आपल्याकडे असताना ट्रेंट राइट-बॅकची जागा सोडून मधल्या फळीत जाऊ लागला. मागं तीनच जण उरू लागले, आणि त्यातला डावा म्हणजे रॉबर्टसन. चढाईत बाहेरून धावणारा माणूस एकदम मागं थांबू लागला. आकडे कमी झाले म्हणून त्याच्यावर टीका झाली, पण काम बदललं होतं हे टीकाकारांनी पाहिलं नाही. 2025 मध्ये लिव्हरपूलनं बोर्नमथकडून मिलोश केर्केझ हा तरुण लेफ्ट-बॅक आणला आणि रॉबर्टसन पुन्हा, 2017 सारखाच, वाट पाहणारा झाला.

स्कॉटलंडची अडचण वेगळीच होती. रॉबर्टसन आणि कीरन टिअर्नी, देशाचे दोन सर्वोत्तम बचावपटू, दोघंही डाव्या पायाचे लेफ्ट-बॅक. सप्टेंबर 2018 मध्ये अ‍ॅलेक्स मॅकलीशनं रॉबर्टसनला कर्णधार केलं, आणि पहिल्याच सामन्यात बेल्जियमनं 4-0 असं धुतलं. 2019 मध्ये आलेल्या स्टीव्ह क्लार्कनं पुढच्या वर्षी उत्तर शोधलं: मागं तीन सेंटर-बॅक, त्यातला डावा टिअर्नी, आणि त्याच्यापुढं विंग-बॅक म्हणून रॉबर्टसन. टिअर्नी चेंडू घेऊन स्वतःच पुढं निघायचा, तेव्हा रॉबर्टसन मागं थांबून त्याची जागा धरायचा. कोण जाणार, कोण थांबणार हे प्रतिस्पर्ध्याला आधी कळत नसे. या मांडणीनं नोव्हेंबर 2020 मध्ये बेलग्रेडला सर्बियाविरुद्ध पेनल्टी शूटआउट जिंकून दिला आणि पुरुषांचा संघ 1998 नंतर प्रथमच मोठ्या स्पर्धेत पोहोचला. त्या स्पर्धेत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या युरो स्पर्धेत, वेम्बलीवर इंग्लंडशी 0-0 बरोबरी झाली. त्यापुढं मात्र फार काही झालं नाही. 2024 च्या युरोत जर्मनीनं सलामीलाच 5-1 हरवलं.

मग 18 नोव्हेंबर 2025, हॅम्पडन, डेन्मार्कविरुद्ध. आपल्याकडे सामना सुरू झाला तेव्हा रात्रीचा सव्वा वाजला होता. जिंकलं तर थेट विश्वचषक. स्कॉट मॅकटॉमिनेच्या उलट्या किकनं स्कॉटलंड पुढं गेलं, पण दुसऱ्या सत्रात बॉक्समध्ये रॉबर्टसनकडून इसाकसनवर फाउल झाला आणि होयलुंडनं पेनल्टीवर बरोबरी साधली. सोळा-साडेसोळा मीटरच्या त्या चौकटीत उशीर झाला की फाउलची शिक्षा फ्री-किक नसते. डेन्मार्कचा एक खेळाडू लाल कार्डानं गेला, शँकलँडच्या गोलानं 2-1, मग पुन्हा 2-2. जादा वेळेत बदली म्हणून आलेल्या टिअर्नीनं बॉक्सच्या कडेवरून डाव्या पायानं तिसरा गोल केला. शेवटी केनी मॅकलीननं जवळजवळ मध्यरेषेवरून मारलेला चेंडू गोलरक्षकाच्या डोक्यावरून जाळ्यात गेला. 4-2. 1998 नंतर स्कॉटलंड पहिल्यांदा विश्वचषकासाठी पात्र ठरलं, ते क्वीन्स पार्कच्या एका जुन्या हौशी लेफ्ट-बॅकच्या कप्तानीत.